सेकंडचा माल

जेपाराच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी चौकटीच चौकटी,
उन्हात भिंतींना टेकून उभ्या,
प्रत्येकीच्या पोटात मागच्या जगाचा एक तुकडा:
केळीचं अर्धं पान, पंक्चरवाल्याचा गुडघा,
वाळत घातलेल्या लुंगीचा काठ.
स्कूटरवरून जाताना वाटतं,
सगळं गावच कुणीतरी विकायला काढलंय.

घर नवं आहे.
तैवानात सहा वर्षं एका म्हाताऱ्याला
या कुशीवरून त्या कुशीवर वळवत
मी त्याच्या विटा जमवल्या.
आता भिंती झाल्यात,
आणि त्यांच्याकडे बघवत नाही.
सुतोपो म्हणतो, कॅलेंडर लाव की,
बँक फुकट देते.

मी दोन लाख घेऊन निघाले.
आमचे लाख हलके असतात;
दोन लाखांत तीन कोंबड्या येतात,
तिसरी जरा किडकिडीतच.

पहिल्या दुकानाला काचेचं दार, आत गार हवा,
आणि पोरीनं भाव सांगितला तो डॉलरात.
दुसऱ्यात शिसवी म्हणून दाखवली
तिचा काळा रंग माझ्या बोटाला लागला.
वास आला बुटाच्या पॉलिशचा.
मी बोट त्याच्याच बिलबुकाला पुसलं.

मशिदीमागे कास्दीची शेड.
ताडपत्री उचलून म्हणाला, हा सेकंडचा माल,
कंटेनरमधून परत आलेला. बघा काय ते.
वेलबुट्टी, फणसाएवढी फुलं,
वरच्या कोपऱ्यात दोन पक्षी समोरासमोर,
त्यातल्या एकाला चोच नाही.

अडीच, तो म्हणाला.
दीड.
बाई, सागवान आहे हे!
आहे ना. पण चोच कुठाय?
तो हसला, आणि मला कळलं, पावणेदोनला देईल.

मग मी चौकट उलटी केली.

पाकळी जिथे आत वळते,
जिथे उजेड जात नाही, गिऱ्हाइकाची नजर तर नाहीच,
तिथे करंगळी घातली.
गुळगुळीत.
तिथपर्यंत कुणीतरी पोचलं होतं,
काचपेपरची पुंगळी करून, श्वास धरून.

माझी आई तीस वर्षं हेच करायची.
पुरुष कोरायचे, बायका घासायच्या,
नगावर पैसे, भुसा फुकट.
ओळखपत्राच्या कचेरीत तिचं बोट
मशिनला दिसेना.
पुसून ठेवा. ओलं करून ठेवा. दुसरं ठेवा.
रेषाच उरल्या नव्हत्या एकाही बोटावर.
कारकून थट्टेनं म्हणाला,
मावशी, तुम्ही आहात ना नक्की?
ती रांगेकडे बघून म्हणाली, सकाळपर्यंत तरी होते.

आमच्या घरात एकही चौकट नव्हती.
फोटो बिस्किटाच्या डब्यात असायचे,
डब्यावर परदेशी बाईचा फोटो.

हे कुणी घासलं? मी विचारलं.
कोण जाणे, कास्दी म्हणाला. बायका येतात, जातात.

मी आणखी दहा हजार पाडले.
आईनंही पाडले असते.

चौकट पाठीला बांधून घरी आले,
हेल्मेटवर पक्ष्याची सावली,
सिग्नलला एका पोरानं माझ्यातून पलीकडचं बघितलं.

आता आत काय लावायचं?
सुतोपोला लग्नाचा फोटो हवा,
त्यात तो बारीक दिसतो.
विलुजेंगला आरसा.
आईचा एकच फोटो आहे, त्या ओळखपत्रावरचा,
नखाएवढा, डोळे अर्धे मिटलेले.
मोठा केला तर फक्त ठिपके होतील.

तूर्त खिळा ठोकला आणि रिकामीच टांगली.
भिंत तीच. चुना तोच, तोच पोपडा.
पण जेवताना तिघंही तिकडे बघत होतो,
पाहुणा आल्यासारखे, जरा ताठ बसून.

रात्री ट्यूबलाइटला किडे आले
आणि कुठूनशी एक पाल
वेलीवरून उतरली, चौकटीच्या मधोमध थांबली,
बिनचोचीच्या पक्ष्याच्या थोडी खाली,
आणि टिपला तिनं एक.

आई, फोटो हलतोय! विलुजेंग ओरडली.
सुतोपोनं झाडू उचलला.
मी म्हटलं, ठेव खाली.